साडेचार मिलिमीटर

कूलर आणायला गेलो होतो.
हे आधीच सांगून टाकतो, कारण मथुरा
येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथूनच सुरुवात करते:
"कूलर आनाले गेल्ते हे."

वरणगावहून सकाळची एसटी,
खिडकीचा गज हात लावू देईना.
खिशात नऊ हजार, तिच्या बिबड्यांचे.
रुमालाला गाठ तिनेच मारलेली,
एवढी घट्ट की दुकानात दातांनी सोडवावी लागली.
फक्त ते दुकान कूलरचं नव्हतं.

काचेआड ती उभी.
अक्रोडी दस्ता, निळसर नळी.
छर्ऱ्यांची आहे काका, परवाना लागत नाही,
पोरगा म्हणाला आणि हातात दिली,
बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर येऊन
कोणी मूल द्यावं तशी.

एकतीस वर्षं फॅक्टरीत मी काडतुसं तपासली.
लाखांनी. कोटींनी असतील.
गेज लावून, पितळेवरचा ओरखडा
नखाने ओळखून बाजूला काढलेली.
पुढे कुठे गेली,
कोणाच्या खांद्याला धक्का बसला, कोणाच्या छातीत काय,
ते आमच्या खात्यात येत नव्हतं.
आणि मी स्वतः चाप कधी ओढला नाही.
एकदाही.
हे पोराला सांगितलं नाही. म्हणालो, बांध.

दारात तिने खोक्याची लांबी पाहिली.
कूलर इतका सडपातळ नसतो.
उघडून दाखवली.
ती ओरडली नाही, तेच वाईट.
पदराने मानेचा घाम टिपला, वाकून पाहिलं,
"हवा कुठून येते हिची?"
"हवेवरच चालते," मी म्हणालो,
आणि म्हणता म्हणता कळलं
की हे वाक्य आता मेल्यावरही माझ्यामागे येणार.

वानरं येतात ना गच्चीवर, मी म्हटलं, बिबड्यांवर.
"लगन झाल्यापासून वाळवते. हाड म्हटलं का जातात.
तुमीच नाही जात."

मग आठवडाभर कळण्याची भाकर, ठेचा, आणि गप्प ताट.
रात्री ती गच्चीवर निजायला गेली,
मी खाली, जुन्या कूलरसमोर,
जो गरम हवेला फक्त आवाज जोडतो.
फोनवर भावाला सांगत होती, प्रल्हादला,
"आमच्याकडे काय भेव नाही बापा, बंदोबस्त हाये."

एका संध्याकाळी मी वर गेलो.
कठड्यावर रिकामा तेलाचा डबा ठेवला.
दस्ता गालाला लावला, श्वास धरला,
माशीत डबा आला, डब्यामागे केळीच्या बागा,
बागांमागे सातपुडा, मळकट, उन्हाने झिजलेला.
बोट चापावर.
श्वास सोडला. डबा उचलून खाली आणला.

सकाळी बिबड्यांचं धोतर वाऱ्याने उडू नये म्हणून
एका कडेला पाटा, एका कडेला दोन विटा,
आणि तिसऱ्या कडेवर, आडवी, माझी रायफल.
दस्त्यावर ज्वारीचा चीक वाळून पांढरा झालेला.
मी काही बोललो नाही.
काम तर करतच होती.

छर्ऱ्यांची डबी मात्र मी मोजतो. सवय.
दुकानातून आणली त्या रात्री पाचशे.
काल चारशे शहाण्णव.
पुन्हा मोजले, वर्तमानपत्रावर, दहा-दहाच्या ओळी करून.
चारशे शहाण्णव.

दुपारी मथुरा म्हणाली, आठ दिवसांत पहिल्यांदा
माझ्याकडे तोंड करून,
"कूलरचं पानी गयते. पत्रा सडला. गंज.
आता नवाच घ्या लागंन."

मी मागे जाऊन उकिडवा बसलो.
टाकीच्या पत्र्याला चार भोकं,
करंगळीच्या नखाएवढ्या अंतरात चारही.
गंजाची कड दातेरी असते, बाहेर पापुद्रे सुटतात.
ही गोल होती, आत वळलेली.
गेज लावायचीही गरज नव्हती.

वर पाहिलं. ती गच्चीच्या कठड्याशी,
हातात ओलं धोतर, पिळत.
"गंजच ना?" तिने विचारलं.

"गंजच," मी म्हणालो.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
खोटा शेरा मारला.